मुक्काम पोस्ट २०३६

२ नोव्हेंबर २००० रोजी इंटरनेटवर एक माणूस अवतरला. आधी त्याने नाव सांगितलं नाही, काम सांगितलं. आपण २०३६ सालचे अमेरिकी सैनिक आहोत, फ्लोरिडातल्या टॅम्पा इथे आपली तुकडी आहे, आणि १९७५ सालात जाऊन एक कॉम्प्युटर घेऊन येण्याचा आपल्याला हुकूम आहे. वाटेत घरच्यांना भेटावं म्हणून २००० सालात थोडा मुक्काम ठोकलाय, इतकंच. पुढे जानेवारीत त्याने नावही दिलं : जॉन टायटर.

काळाच्या पलीकडून आलेला माणूस म्हटलं की आपल्याला काहीतरी भव्यदिव्य अपेक्षित असतं. हा पठ्ठ्या आला होता जुना कॉम्प्युटर न्यायला! त्याचं हे सांगणं खोटं होतं, पण असं खोटं रचायला किती खरं माहीत असावं लागतं, ते पाहिलं की थक्क व्हायला होतं.

आयबीएम ५१०० हा तो कॉम्प्युटर. सप्टेंबर १९७५ मध्ये बाजारात आला. कुठेही उचलून नेता येतो अशी त्याची ख्याती. वजन सुमारे २५ किलो, पडदा ५ इंची, आणि सगळ्यात महाग प्रकाराची किंमत जवळजवळ २०,००० डॉलर. तो घडवताना इंजिनिअरांनी वेळ वाचवायला एक नामी युक्ती केली. या छोट्या यंत्रासाठी सगळं नव्याने लिहिण्याऐवजी त्यांनी त्याला आयबीएमच्याच मोठ्या यंत्रांचं सोंग घ्यायला शिकवलं. खोलीभर पसरणाऱ्या सिस्टीम-३७० साठी लिहिलेली एपीएल ही भाषा त्यामुळे या टेबलावरच्या पेटीत चालू लागली. कंपनीने या गुणाचा गाजावाजा केला नाही. टायटरला मात्र तो ठाऊक होता. आम्हाला हेच यंत्र हवं, कारण जुन्या यंत्रांची भाषा हेच वाचू शकतं, असं त्याने सांगितलं. पुढे ५१०० च्या कामावर असलेल्या एका इंजिनिअरने या गुणाला दुजोरा दिला, आणि टायटरच्या भक्तांना आभाळ ठेंगणं झालं.

पण २०३६ साली जुनी भाषा वाचायची वेळ का यावी? इथे टायटरने दुसरी खरी गोष्ट आणली. युनिक्स घराण्यातले कॉम्प्युटर १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. जुन्या यंत्रांत हा आकडा ठेवायला ३२ बिटांची जागा आहे, आणि त्यात जास्तीत जास्त २,१४७,४८३,६४७ इतकेच सेकंद मावतात. ती जागा १९ जानेवारी २०३८ रोजी भरेल. आपल्या घड्याळात तेव्हा सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद झाले असतील. पुढच्या सेकंदाला आकडा उलटून उणे होईल, आणि ज्या यंत्रांत दुरुस्ती झालेली नसेल त्यांच्या लेखी तारीख असेल डिसेंबर १९०१! माणसाला जे जमलं नाही ते ही यंत्रं एका सेकंदात करून दाखवतील.

दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. मात्र पहिलीचा दुसरीशी काहीही संबंध नाही; १९७५ चं ते यंत्र २०३८ ची अडचण सोडवू शकत नाही. ओढ्यावरच्या साकवासारखी ही रचना आहे : दोन्ही काठ पक्के, मधली फळी तेवढी कुजकी. बहुतेक माणसं काठ चाचपून पाहतात आणि निर्धास्त चालू लागतात.

असली थाप मारायला वेळ लागतो, अभ्यास लागतो. टायटर तर जवळजवळ ५ महिने पुन्हा पुन्हा येऊन लोकांच्या शंकांना उत्तरं देत होता. मग प्रश्न पडतो, हा उद्योग कोणी का करावा?

पहिलं उत्तर त्याच्या भाकितांतच दडलेलं आहे. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या सुमारास अमेरिकेत यादवी पेटायला लागेल. २००४ नंतर ऑलिंपिक होणार नाही. २०१५ साली रशिया अण्वस्त्रं डागेल आणि अब्जावधी माणसं मरतील. यातलं काहीही घडलं नाही. ८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगमध्ये ऑलिंपिकचा पडदा वर गेला तेव्हा टायटरचं भविष्य खाली कोसळलं. पण तो लिहीत होता ते दिवस आठवा. टायटर आल्यानंतर ५ दिवसांनी, ७ नोव्हेंबर २००० रोजी, बुश विरुद्ध गोर ही निवडणूक झाली. निकाल अडला तो फ्लोरिडात. मतपत्रिकांवरची अर्धवट टोचलेली भोकं भिंगातून पाहत अख्खा देश महिनाभर ताटकळला आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने मोजणी कायमची थांबवली. त्याच्या आदल्या वर्षी ‘वायटूके’ने सगळ्या जगाची झोप उडवली होती. त्याच काळात युरोपात गायींच्या रोगाने घबराट होती. टायटरनेही लोकांना गोमांस खाऊ नका असं बजावलं होतं. म्हणजे निवडणुकीतली फूट, कॉम्प्युटरच्या तारखेचा घोळ, दूषित मांस! २०३६ चा म्हणवणाऱ्या या पाहुण्याच्या पोतडीत २००० सालची वर्तमानपत्रंच होती. लोकांच्या मनातली धास्ती तो लोकांनाच भविष्य म्हणून वाचून दाखवत होता, आणि स्वतःची धास्ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की ती खरी वाटते.

भाकितं चुकली तर काय, याचीही सोय त्याने करून ठेवली होती. ह्यू एव्हरेट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये पुंजभौतिकीचा एक अर्थ मांडला : शक्य असलेले सगळे निकाल प्रत्यक्षात घडतात, फक्त वेगवेगळ्या विश्वांत. टायटर म्हणाला, माझं विश्व आणि तुमचं विश्व यांत एक-दोन टक्क्यांचा फरक आहे. झालं! खरं ठरलं तर मी सांगितलं होतं, खोटं ठरलं तर तो फरक.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशाच एका वेगळ्या विश्वात जाऊन पडतात. तिथे विश्वासरावांना लागणारी गोळी चुकलेली असते आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलेलं असतं. तीच कल्पना, तितकाच थरार. फरक एवढाच, की नारळीकरांनी वर ‘कथा’ असं लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं.

हा फरक वाटतो तेवढा किरकोळ नाही. कथेला लेखक असतो, त्यामुळे वाचक फक्त वाचतो. टायटरला लेखक नव्हता, म्हणून वाचक त्याची उलटतपासणी करू लागले. तुमच्या काळात पैसे कसले असतात? दोन वर्षांच्या स्वतःला भेटून कसं वाटलं? यंत्राचा फोटो दाखवा. त्याने यंत्राच्या पुस्तिकेची पानंही दाखवली, आणि मोटारीत बसवलेल्या त्या यंत्रावर जनरल इलेक्ट्रिकचा शिक्का असल्याचं सांगितलं. प्रत्येक प्रश्नाबरोबर २०३६ ची एकेक खोली बांधून होत होती. विटा विचारणाऱ्यांच्या, गवंडी तेवढा टायटर. लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं सुख कुठलं? छापील कादंबरीच्या नशिबी असा वाचक क्वचित येतो. मार्च २००१ मध्ये त्याने सगळ्यांचा निरोप घेतला. जाता जाता सल्ला दिला, गाडी रस्त्यात बंद पडेल तेव्हा पेट्रोलचा कॅन जवळ असू द्या! तो कोण होता हे कुणीही उघडपणे कबूल केलेलं नाही. २००३ मध्ये फ्लोरिडात त्याच्या नावाने एक संस्था नोंदली गेली, त्याच्या संदेशांचं पुस्तक निघालं. २००९ साली जपानमध्ये ‘स्टाइन्स गेट’ नावाचा खेळ आला, त्यात टायटरही आहे आणि नाव किंचित बदललेला तो कॉम्प्युटरही.

टायटरचा हेतू खेळाचा असेल, पण सगळ्यांचा तसा नसतो. २००६ मध्ये स्वीडनमधल्या एका गृहस्थाची चित्रफीत गाजली. स्वयंपाकघरातलं सिंक गळत होतं, ते दुरुस्त करायला मी खालच्या कपाटात शिरलो, आत आत सरकत गेलो आणि पलीकडे निघालो तो २०४२ सालात, असं तो सांगत होता. तिथे त्याला सत्तरी ओलांडलेला तो स्वतःच भेटला. दोघांच्या दंडावर एकच गोंदण, म्हाताऱ्याचं जरा विटलेलं. दोघं खांद्यावर हात टाकून हसताहेत. बघणारा त्या गोंदणावरच विरघळतो. पुढे कळलं, की ही एका पेन्शन कंपनीची जाहिरात होती. म्हातारपणीचे तुम्ही तुम्हाला भेटलात तर काय म्हणाल, हा विमा एजंटाचा जुनाच प्रश्न, नव्या वेष्टनात.

जून २०१२ मध्ये ‘बॅक टू द फ्यूचर’ या चित्रपटातल्या मोटारीच्या डॅशबोर्डचं छायाचित्र जगभर फिरलं. नायक भविष्यात जातो ती तारीख म्हणजे आजचीच, २७ जून २०१२, असा दावा होता. लाखो लोकांनी ते हौसेने पुढे ढकललं. चित्रपटातली खरी तारीख आहे २१ ऑक्टोबर २०१५. आकडे बदलले होते चित्रपटांच्या डिस्कचा संच खपवण्यासाठी. ज्यांनी तो चित्रपट पारायणं करून पाहिला होता त्यांनीही खात्री करण्याची तसदी घेतली नाही.

कधी हेतू नुसत्या टवाळीचा असतो. २००३ च्या मार्चमध्ये ‘वीकली वर्ल्ड न्यूज’ या अमेरिकी साप्ताहिकाने बातमी दिली : शेअर बाजारात ८०० डॉलर घालून दोन आठवड्यांत ३५ कोटी डॉलर कमावणाऱ्या माणसाला अटक, आपण २२५६ सालातून आल्याचा त्याचा दावा. हे साप्ताहिक परग्रहवासी आणि वटवाघूळ-मुलाच्या बातम्या छापण्यासाठीच प्रसिद्ध होतं. घेणाऱ्याला ते ठाऊक असायचं. पण तीच बातमी याहूच्या बातम्यांत आली आणि तिचा वेष पालटला. साप्ताहिकाचं रंगीबेरंगी मुखपृष्ठ गळालं, उरला कोरा मजकूर. मग ती गंभीर चेहऱ्याने देशोदेशी हिंडली. लिहिणाऱ्याने फसवायचं ठरवलं नव्हतं. वाटेत विनोदाची पाटी पडली, एवढंच.

कधी तर फसवण्याचा हेतूच नसतो. चॅप्लिनच्या ‘द सर्कस’ या चित्रपटाचा खेळ हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये १९२८ च्या जानेवारीत लागला, त्या वेळच्या चित्रणात एक जाडजूड कोट घातलेली बाई कानाशी काहीतरी धरून बोलत जाते. २०१० मध्ये बेलफास्टच्या एका चित्रपटकाराला ते दिसलं आणि त्याने विचारलं, हा मोबाइल तर नाही? प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरही सरळ असावं : बहिऱ्या माणसांची कानाशी धरायची उपकरणं तेव्हा मिळत होती. शिवाय मोबाइल असलाच, तर १९२८ साली टॉवर कुठला पकडत होता?

अलीकडे हेतू शोधायला लांब जावं लागत नाही. तो पडद्याच्या कोपऱ्यात आकड्यात लिहिलेला असतो. जितक्यांनी पाहिलं तितकं नाव, आणि बऱ्याचदा तितका पैसा. आणि त्यासाठी लागणारी करामतही सोपी झाली आहे. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतर एक ट्विटर खातं गाजलं. जर्मनी जिंकणार, जादा वेळेत, गोल करणार गोट्झे, हे सगळं त्याने सामन्याआधीच लिहिलेलं दिसत होतं. तारीख-वेळ खरी होती. झालं असं होतं, की खातेदाराने शक्य त्या सगळ्या निकालांची भाकितं आधी लिहून ठेवली आणि सामना संपल्यावर चुकलेली पुसून टाकली. हो-नाही स्वरूपाच्या १० घटना घ्या. त्यांचे सगळे मिळून १,०२४ प्रकार होतात. तेवढी भाकितं लिहा, १,०२३ पुसा. उरलेलं एक पाहून कुणीही तोंडात बोट घालेल. द्रष्टेपणाला इथे खोडरबर पुरतं.

काही थापांना तर थापाड्याच सापडत नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९५० साली एका माणसाला मोटारीने उडवलं, त्याच्या अंगावर पाऊणशे वर्षांपूर्वीचे कपडे होते, खिशात घोड्याच्या तबेल्याचं बिल आणि रुडॉल्फ फेन्झ याच्या नावे आलेलं, १८७६ चा शिक्का असलेलं पत्र होतं, आणि त्या नावाचा माणूस खरोखरच १८७६ मध्ये बेपत्ता झाला होता! ही हकिगत अनेक दशकं सत्यघटना म्हणून सांगितली गेली. लोककथांचा माग काढणाऱ्या क्रिस ऑबेक या संशोधकाने २००० नंतर तिचा पाठपुरावा केला, तेव्हा तो जॅक फिनी यांच्या एका कथेपाशी जाऊन पोचला; ती ‘कॉलिअर्स’मध्ये सप्टेंबर १९५१ मध्ये छापून आली होती. १९५३ मध्ये गूढविद्येच्या एका प्रकाशनाने तीच लेखकाचं नाव न देता घडलेली गोष्ट म्हणून छापली. फिनींनी कथा लिहिली, दुसऱ्याने ती छापली, तिसऱ्याने सांगितली. यांतल्या प्रत्येकाचा हातभार थोडाथोडाच.

शास्त्रज्ञही या पाहुण्यांची वाट पाहून झाले आहेत, आणि त्यांची तऱ्हा थापाड्यांपेक्षा मजेदार आहे. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी ७ मे २००५ रोजी काळप्रवाशांचं संमेलन भरवलं. जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, म्हणजे पुढच्या कुठल्याही शतकात कुणी वाचलं तरी येता यावं. स्टीफन हॉकिंग यांनी त्यावरही कडी केली. २८ जून २००९ रोजी केंब्रिजमध्ये त्यांनी मेजवानी मांडली, शॅम्पेन ठेवली आणि आमंत्रणं पाठवली ती मेजवानी उरकल्यावर. यायचं तर ज्याला भूतकाळात येता येतं त्यालाच जमावं! कुणी आलं नाही.

मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या रॉबर्ट नेमिरॉफ आणि टेरेसा विल्सन यांची युक्ती तर आणखी बिनखर्चाची. आयसॉन हा धूमकेतू सापडला सप्टेंबर २०१२ मध्ये. पोप फ्रान्सिस हे नाव जगाने ऐकलं मार्च २०१३ मध्ये. त्याआधी इंटरनेटवर कुणी हे शब्द लिहिलेत का, हे त्यांनी धुंडाळलं. दखल घ्यावी असं काही मिळालं नाही. मग सप्टेंबर २०१३ मध्ये त्यांनी विनंती केली : ठरावीक शब्दांचा संदेश ऑगस्ट २०१३ मध्ये किंवा त्याआधी पाठवा. ऑगस्टच्या टपालात तो नव्हता. थापाड्याला आणि शास्त्रज्ञाला वेगळं करणारी गोष्ट हीच आहे. आपण चुकलो तर ते कळावं अशी शास्त्रज्ञाची मांडणी असते. आपण चुकलो तरी ते कळू नये अशी थापाड्याची.

इथवर थाप मारणाऱ्यांचे हेतू पाहिले. पेन्शन विकणं, डिस्क खपवणं, खिल्ली उडवणं, प्रेक्षक जमवणं, गोष्ट रंगवणं. सगळे हेतू तसे बेताचेच. मग त्यांतून उठणारा गदारोळ एवढा मोठा कसा होतो? याचं उत्तर एका छोट्या जाहिरातीत मिळतं. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या ‘बॅकवुड्स होम’ या नियतकालिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर जागा रिकामी राहत होती. जॉन सिल्व्हेरा या तिथल्या लेखकाने ती भरायला गंमत म्हणून चार ओळी खरडल्या : माझ्याबरोबर भूतकाळात यायला माणूस पाहिजे, पैसे परत आल्यावर मिळतील, हत्यारं ज्याची त्याने आणावीत, सुरक्षिततेची हमी नाही, याआधी मी हे एकदाच केलं आहे. पुढे २०१२ मध्ये यावरून चित्रपटही निघाला.

सिल्व्हेरांना वाटलं, चार लोक हसतील. टपालाने पत्रांचा पूर लोटला. काहींनी विनोदाला विनोदाने उत्तर दिलं होतं, काहींना साहसाची हौस होती. पण काही पत्रं तुरुंगातून आली होती. मागे जा, मला गाठ, आणि मी जे केलं ते करू नकोस म्हणून मला सांग, असं कैदी लिहीत होते. काहींनी गेलेल्या माणसाला वाचवण्यासाठी हात जोडले होते. पानाचा कोपरा भरायला लिहिलेल्या त्या ओळींनी सिल्व्हेरांच्या डोळ्यांत पाणी आणलं. कारण पत्र लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना जाहिरात खरी आहे का हे विचारायचंच नव्हतं. त्यांना ती खरी असायला हवी होती.

थापाड्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याचा हेतू यांच्यात इतकं अंतर असतं. एकाला जागा भरायची असते, दुसऱ्याला आयुष्यातली एक संध्याकाळ बदलायची असते. थाप चालते ती दुसऱ्याच्या जोरावर. म्हणून ‘लोक मूर्ख असतात’ म्हणून हा विषय मिटवता येत नाही. आयबीएमच्या खुब्या ओळखणारी, धूमकेतूंची नावं पाठ असलेली माणसंही यात गुंतली, कारण ‘तेव्हा तसं केलं नसतं तर’ हे वाक्य शहाण्यालाही सुटलेलं नाही.

नवल असं, की खराखुरा काळप्रवास आपल्या हाताशी आहे. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हेफली आणि रिचर्ड कीटिंग यांनी अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून जगाला दोन फेऱ्या मारल्या. घड्याळांसाठी वेगळी तिकिटं काढली होती, ‘मिस्टर क्लॉक’ या नावाने! पूर्वेकडे गेलेली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा सुमारे ५९ अब्जांश सेकंद मागे पडली, पश्चिमेकडची २७३ अब्जांश सेकंद पुढे गेली. वेग आणि गुरुत्वाकर्षण यांनी काळाची चाल बदलते, हे आइनस्टाइनचं म्हणणं विमानाच्या सीटवर बसून सिद्ध झालं. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्यापेक्षा दिवसाला ३८ दशलक्षांश सेकंद पुढे धावतात. ही तफावत भरून काढली नाही, तर एका दिवसात नकाशावरचं तुमचं ठिकाण कित्येक किलोमीटर सरकेल. सर्गेई क्रिकालेव्ह हे रशियन अंतराळवीर एकूण ८०३ दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि आपल्या भविष्यात सेकंदाचा सुमारे पन्नासावा भाग पुढे जाऊन उतरले.

हे सगळं मोजलेलं, तपासलेलं, रोजच्या वापरातलं आहे. तरीही क्रिकालेव्ह यांना तुरुंगातून तसली पत्रं गेली नाहीत, कारण ते गेले ती दिशा पुढची आहे. निसर्गाने पुढे जायची वाट थोडीशी उघडी ठेवली आहे, मागे जायची वाट अजून कुणाला सापडलेली नाही; आणि माणसाची सगळी मागणी मागच्या तिकिटाला आहे. ही मागणी आहे तोवर २०३६ चा, नाहीतर २२५६ चा, कुणी ना कुणी सैनिक येतच राहणार. तो आला की आधी त्याला पुढच्या आठवड्यातली एखादी गोष्ट तारखेसकट लिहून द्यायला सांगावं, आणि तो कागद आपल्याजवळ ठेवावा. खोडरबर मात्र त्याच्या हाती देऊ नये.